घुबडाच्या मागे कोण?

लिपोवारच्या इस्पितळात काही बदललं की 'काय बदललं' हे कुणी विचारत नाही. 'कुणासाठी बदललं' हे विचारतात. फाटकाला नवा रंग लागला, तर रंगारी कुणाचा मेहुणा हे संध्याकाळपर्यंत शोधून काढतात. उपाहारगृहातला घेवड्याचा रस्सा एकदा चक्क चवदार झाला, तेव्हा वरून कुणी तपासणीला येतंय अशी आवई उठली आणि दुसऱ्या दिवशी अर्धे डॉक्टर दाढी करून आले. अशा ठिकाणी डॉ. वुकाशिन एरिच यांनी तज्ज्ञ-प्रशिक्षणाच्या अर्जांची पद्धत सुधारायला घेतली. त्यांना कुणी सावध केलं नाही, असं नाही. त्यांच्या बायकोने, यागोदाबाईंनी, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "तुम्ही त्वचेचे डॉक्टर आहात. वरवरचं बघावं आणि घरी यावं."

दोष म्हटला तर संचालिका नेवेंकाबाईंचा. बेलग्रेडहून एक पत्र आलं होतं, की निवडीची पद्धत पारदर्शक करा. पत्राला उत्तर म्हणून जोडायला बाईंना एक पान हवं होतं, बस्स. त्या वुकाशिनना म्हणाल्या, "तुम्हीच लिहा, डॉक्टर. तुमच्यावर कुणाचा संशय नाही." वुकाशिनना हे ऐकून इतकं बरं वाटलं, की ते जिना चढताना शीळ घालत होते. आपल्यावर संशय घेण्याइतकी आपली किंमत इस्पितळात कुणी करत नाही, हा त्या वाक्याचा खरा अर्थ त्यांच्या ध्यानात यायला बरेच आठवडे जावे लागले.

जुनी पद्धत सोपी होती. साध्या डॉक्टरला तज्ज्ञ व्हायचं असेल, तर इस्पितळाने निवडून पाठवावं लागतं. जागा निघायची एक. अर्ज यायचे पाच-सहा. कमिटी जमायची, कॉफी प्यायची आणि अर्जांवरची आडनावं वाचायची. आडनावाच्या पुढे वाचायची वेळ कधी येतच नसे. वुकाशिननी पान लिहिलं ते असं: सगळ्यांना एकाच रोग्याची हकिगत द्यावी, उपचार लिहायला सांगावेत, नाव झाकावं आणि तीन डॉक्टरांनी वेगवेगळे गुण द्यावेत. संपलं. यात माणसाने शंका घ्यावी असं काय आहे, असं त्यांना वाटलं. बिचारे.

सर्जन कोस्ता पान वाचून हळूच म्हणाले, "छान आहे. पण आता खरं सांगा, कुणाला बसवायचंय?"

"कुणालाच नाही."

"कुणालाच नाही," कोस्तांनी मान डोलावली. "म्हणजे मोठंच कुणीतरी असणार."

आणि इथेच घोड्याने पेंड खाल्ली. त्या वर्षीची जागा बालरोगाची होती, आणि अर्ज करणाऱ्यांत दुन्या होती. दुन्या म्हणजे ओब्रादची मुलगी, आणि ओब्राद म्हणजे वुकाशिन यांचा कूम. लग्नात शेजारी उभं राहायचं, मुलांचा बाप्तिस्मा करायचा, सुखात पहिला घास आणि दुःखात पहिला खांदा द्यायचा, ते नातं. सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं तर लोक समजून घेतात, कूमशी टाकलं तर रस्ता ओलांडून पलीकडे जातात. दुन्याला बाप्तिस्म्याच्या पाण्यावर वुकाशिननीच धरलं होतं. ती आता डोंगरातल्या एका दवाखान्यात एकटी डॉक्टर होती. तिला मुलांचीच डॉक्टर व्हायचं होतं. ही जागा गेली तर ती जर्मनीला जाणार होती. तिच्या वर्गातले निम्मे केव्हाच गेले होते, आणि तिनेही जर्मनच्या शिकवणीत नाव घातलं होतं. गेलेली मुलं उन्हाळ्यात आठवडाभर येतात, आईबापांना रक्तदाब मोजायचं यंत्र देतात आणि परत जातात. वुकाशिनना मूलबाळ नव्हतं. ती गेली तर काय, हा विचार ते मनात येऊच देत नसत.

सरळ माणसाने करावं तेच त्यांनी केलं. गुण देणाऱ्यांतून आपलं नाव काढून टाकलं. पद्धत आखून दिली, आता तपासणारे तिघे वेगळे: नेवेंकाबाई, सर्जन कोस्ता आणि हृदयविकाराचे विदाक. या त्यागाबद्दल कुणी निदान पाठ तरी थोपटेल, अशी त्यांची अपेक्षा होती. त्याऐवजी इस्पितळभर झालं, की एरिच बाजूला झाला, म्हणजे सगळं आधीच ठरलंय.

ओब्राद त्याच संध्याकाळी आला. रोज येतो तसा घंटा न वाजवता नाही, तर घंटा वाजवून आला. तेव्हाच यागोदाबाईंनी ओळखलं, आज धडगत नाही.

"कूम," ओब्राद खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाला, "उभ्या आयुष्यात तुला एकदा खुर्ची मिळाली. एकदा! आणि मी दारात आलो तेव्हा तू उठलास."

"अरे, मी उठलो म्हणून तर सगळं स्वच्छ झालं ना!"

"कुणी सांगितलं होतं स्वच्छ करायला? घाण होती तेव्हा निदान रस्ता माहीत होता. आता मी कुणाकडे जाऊ?"

"कुणाकडेच जाऊ नकोस! दुन्या हुशार आहे."

"हुशार आहे म्हणूनच भीती वाटते," ओब्राद म्हणाला. "हुशार पोरं कुठे आहेत सगळी? म्युनिकला." आणि तो समोरची राकिया, फळांची ती घरगुती दारू, न पिताच उठून गेला. भरलेला पेला तसाच टेबलावर राहिला, आणि तो पाहून वुकाशिनना जेवण गेलं नाही.

इकडे सुधारणेने बाळसं धरलं होतं. नाव झाकायचं, पण कशाने? डिंक वाफेवर सुटतो, असं विदाक म्हणाले. त्यांना ते कसं माहीत, हे सगळ्यांनी मनात नोंदवून ठेवलं. लाखेवर शिक्का मारावा तर शिक्का नेवेंकाबाईंच्या कपाटात, आणि त्या कपाटाचं नाव काढताच दोघांना एकदम खोकला आला. अखेर असं ठरलं, की कागदाचा नावाचा कोपरा दुमडायचा आणि त्यावर सर्जन कोस्तांनी सगळ्यांसमोर टाके घालायचे. कोस्तांचा टाका लिपोवारात कुणीही ओळखतो. निम्म्या गावाच्या पोटावर आहे तो.

मग ओळखीला आकडे द्यावेत, तर एक नंबर कुणाला द्यायचा यावरून तंटा होईल. म्हणून वुकाशिननी पक्ष्यांची नावं सुचवली. टाके घातल्यावर, कुणाचा कागद कुठला हे कळायची सोय नसताना, प्रत्येकावर एकेक पक्षी लिहायचा. स्वतःचा पक्षी उमेदवारालाही माहीत नाही. ही कल्पना सुचली तेव्हा वुकाशिन दात घासत होते, आणि ते तोंडात फेस घेऊनच यागोदाबाईंना सांगायला धावले होते.

आवक-जावकला ल्युबोमिर बसतात. तालमीसाठी शिवून आणलेला कोरा कागद त्यांनी उलटसुलट केला.

"नाव?"

"नाव आत शिवलंय. यावर 'करकोचा' लिहा."

"करकोचा. ठीक. वडिलांचं नाव?"

"कुणाच्या?"

"करकोच्याच्या. रकाना आहे, साहेब. रकाना मोकळा सोडता येत नाही. मागे एकाने मोकळा सोडला होता, त्याची चौकशी माझ्याच गळ्यात आली."

पुष्कळ घासाघीस झाली. शेवटी करकोचा, चिमणी, बगळा, हंस, कोकिळा आणि घुबड या सहाही पक्ष्यांच्या वडिलांच्या जागी 'एरिच, वुकाशिन' असं लागलं, कारण सुधारणेला जबाबदार इसम तेच होते. दुपारपर्यंत एरिचने सहाही उमेदवार आपलेच लावल्याची बातमी प्रसूतिगृहापर्यंत पोचली होती.

भेटवस्तूंना तर ऊतच आला. आधी एका उमेदवाराची आत्या चॉकलेटांचा मोठा डबा ठेवून गेली. लिपोवारात असे डबे कुणी फोडत नाही. ते या घरून त्या घरी फिरतात. यागोदाबाईंनी डबा पाहताक्षणी ओळखला, कारण मागच्या नाताळात तो त्यांनीच दंतवैद्याला दिला होता. वुकाशिननी डबा उचलला आणि आत्याच्या घरी नेऊन परत केला. आपण केवढं तत्त्वाचं काम केलं, या समाधानात ते परतले, तो खालच्या मजल्यावरच्या रादोय्काकाकूंनी त्यांना जिन्यात गाठलं. या काकू इमारतीच्या कमिटीच्या अध्यक्ष. त्यांना ठाऊक नाही असं इमारतीत काही घडत नाही, आणि घडलंच तर त्या ते पुन्हा घडवून घेतात.

"काय हो डॉक्टर, परत केलात म्हणे डबा?"

"केला!"

"बरोबर केलंत. चॉकलेटावर बालरोग? काहीतरी लाज पाहिजे ना माणसाला. मी सांगितलंय तिला, डॉक्टरांचा मान ठेवून दे म्हणून."

दुसऱ्या दिवशी दाराला डुकराची धुरावलेली मांडी टांगलेली होती, आख्खी, हाडासकट. वुकाशिननी ती खांद्यावर टाकली आणि गावातून पायी परत नेली. वाटेत भेटेल त्याला ते ओरडून सांगत होते, "परत करतोय! मी परत करतोय!" ज्यांनी हे ऐकलं त्यांनी एवढंच ताडलं, की एरिचला मांडीही चालत नाही. त्याच आठवड्यात गच्चीत कोकरू आलं. जिवंत. पाठवणाऱ्याने नाव सांगितलं नव्हतं, त्यामुळे परत करायचीही सोय नव्हती. ते रात्रंदिवस बें-बें करायचं आणि यागोदाबाईंची जिरेनियमची फुलं खायचं. मग रादोय्काकाकूंनी अध्यक्ष या नात्याने इमारतीत जनावर पाळल्याबद्दल नोटीस लावली, आणि शेजारी या नात्याने कोकरासाठी कोबीची पानं आणून दिली.

"स्वच्छ माणसाच्या घरी गच्चीत मेंढरू असतं का हो?" यागोदाबाईंनी विचारलं. आयुष्यभर वुकाशिननी कुणाची कॉफीसुद्धा फुकट प्यायली नव्हती, आणि आता ओळखीचे लोक त्यांच्याशी बोलताना अदबीने टोपी काढत होते. याचं दुःख करावं, का थोडासा आनंद वाटतोय तो लपवावा, हे त्यांना ठरवता येईना.

परीक्षेचा दिवस उजाडला. रोग्याची हकिगत नेवेंकाबाईंनीच लिहिली होती: लहान मूल, सणकून ताप, मान ताठ, अंगावर दाबलं तरी न जाणारे जांभळे डाग. सहा जण बसले, लिहिलं, कोस्तांनी टाके घातले, ल्युबोमिरनी पक्षी चढवले आणि तिन्ही तपासनीस दार लावून बसले. वुकाशिन बाहेर बाकावर. आतून बराच वेळ कागदांची सळसळ येत होती. मग आवाज वाढले. मग एकदम शांतता झाली. इतकी शांतता त्या कमिटीत पूर्वी कधी झाली नव्हती, कारण इस्पितळाच्या इतिहासात पहिल्यांदाच कमिटी अर्जदारांचे कागद वाचत होती.

निकाल लागला. घुबड पहिलं, आणि तेही तिघांच्या पैकीच्या पैकी गुणांनी. टाके उसवले. आत नाव होतं दुन्याचं.

वुकाशिनच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला त्यांनी चष्मा पुसायला घेतला. तेवढ्यात नेवेंकाबाईंनी त्यांना हाताला धरून क्ष-किरणाच्या अंधाऱ्या खोलीत नेलं आणि दार ओढून घेतलं.

"डॉक्टर, आता तरी सांगा. ती मुलगी कुणाची आहे?"

"ओब्रादची. माझ्या कूमची. शाळेत भूगोल शिकवतो तो."

"ते कळलं हो. तिच्या मागे कोण आहे?"

"कोणी नाही. मीच काय तो तिचा कूम."

नेवेंकाबाईंनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की ते एक इंचाने खुजे झाले. "तुम्ही नाही हो, डॉक्टर. रागावू नका. पण तुमच्यासाठी कोणी एवढं धाडस करेल का?"

मग सगळं बाहेर आलं. कोस्तांनी आपल्या भाच्याला सांगून ठेवलं होतं, की उपचारांत कुठेतरी 'कॅमोमाइलच्या फुलांचा चहा द्यावा' असं लिही, म्हणजे मला तुझा कागद कळेल. भाच्याची आई केस कापायला गेली. शेजारच्या खुर्चीत रादोय्काकाकू होत्या. पुढचं सांगायला नको.

"सहापैकी पाच कागदांत कॅमोमाइल!" नेवेंकाबाई म्हणाल्या. "कोस्ता घामाघूम. आमच्या हातात खूणच उरली नाही. आणि सहावा कागद, घुबडाचा, त्यात कॅमोमाइलचं नाव नाही! आम्ही तिघं एकमेकांकडे बघत बसलो. खूण साऱ्या गावाला माहीत, मग यानेच का लिहिली नाही? उघड आहे. याला खुणेची गरज नाही. म्हणजे वशिला इथला नाही, बेलग्रेडचा. कदाचित बेलग्रेडच्याही वरचा. विदाक म्हणाले, हात दाखवून अवलक्षण कशाला, पूर्ण गुण देऊन टाका."

"पण तुम्ही तो कागद वाचलात का?"

"वाचला ना. उत्तम आहे. तेही संशयास्पदच वाटलं."

संध्याकाळी वुकाशिननी रादोय्काकाकूंना जाब विचारला. त्यांच्या चेहऱ्यावर अपराधाचा मागमूस नव्हता. "एकाच पोराला माहीत असणं बरं का? मी सगळ्यांच्या घरी जाऊन सांगितलं. पारदर्शक पाहिजे होतं ना तुम्हाला?" आणि खरं सांगायचं तर साऱ्या लिपोवारात पारदर्शकपणाचा अर्थ नीट समजलेली ती एकच बाई होती.

रविवारी ओब्रादच्या अंगणात मेजवानी झाली. कोकरू तिथे आलं होतं, भाजून नाही, दुन्याच्या धाकट्या चुलत बहिणीने दोरी धरली होती आणि आता ते मारायला कुणी धजत नव्हतं. ओब्रादने वुकाशिनना मिठी मारली. मग कानात म्हणाला, "कूम, तुला बेलग्रेडमध्ये एवढा माणूस माहीत होता आणि इतकी वर्षं मला बोलला नाहीस? माझ्यापासून लपवलंस?" वुकाशिननी आईची शपथ घेतली. ओब्राद हसून म्हणाला, "बरं बरं. नको सांगूस." म्हणजे खरं बोललं तर खोटं ठरायचं, आणि खरं ठरलंच, तर वशिला लावण्याइतकीही आपली लायकी नाही हेच सिद्ध व्हायचं. वुकाशिनना इतकं अपमानित आयुष्यात वाटलं नव्हतं.

जेवणं झाल्यावर दुन्याने त्यांना आलुबुखाराच्या झाडाखाली बोलावलं.

"कूमकाका, मला एकदाच सांगा. मी माझ्या जिवावर पास झाले का?"

"तुझा कागद सगळ्यांत चांगला होता. मी नंतर स्वतः वाचला."

"हे नाही विचारलं मी."

वुकाशिनना खोटं बोलता येत नाही, हा त्यांचा जुना आजार. त्यांनी सगळं सांगितलं: कॅमोमाइल, भाचा, बेलग्रेडचा न जन्मलेला माणूस. सांगताना तिचा चेहरा उतरत गेला तो त्यांना बघवेना. वाटलं, जीभ चावली असती तर बरं झालं असतं. आता ही जर्मनीला जाणार, आणि पाठवणारे आपणच.

"बाबांनी मलाही सांगितली होती ती खूण," ती म्हणाली. "पण त्या पोराला मेंदूचा ताप होता हो, कूमकाका! तासाभरात इंजेक्शन दिलं नाही तर गेलं असतं. त्याला काय चहा पाजत बसायचं?"

"म्हणूनच तू पहिली."

"नाही. म्हणूनच ते घाबरले." ती उगाच झाडाची साल खरवडत राहिली. मग तिने विचारलं, "अजून घाबरलेत का?"

"कोण?"

"नेवेंकाबाई. कोस्ता. सगळे."

"विचारू नकोस. विदाक काल मला दार उघडून देत होते."

दुन्याने डोळे पुसले. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "गेल्या हिवाळ्यात मी डोंगरातून एक कमी वजनाचं बाळ खाली आणलं होतं, रुग्णवाहिकेत, छातीशी धरून. तुमच्या इस्पितळातल्या, अशा बाळांना उबेत ठेवायच्या काचेच्या दोन्ही पेट्या बंद होत्या. दुरुस्तीला माणूस मिळत नाही म्हणाले. तसंच पुढच्या शहरात न्यावं लागलं. वाचलं ते, नशिबाने." तिने त्यांचा हात धरला. "कूमकाका, माझ्या मागे कोणी नाही हे तुम्ही अजून किती जणांना सांगितलंत?"

"सगळ्यांना. कुणी विश्वास ठेवत नाही."

"मग आता सांगू नका. निदान त्या पेट्या चालू होईपर्यंत माझ्या मागे कुणीतरी असू दे."

सोमवारी नेवेंकाबाईंनी वुकाशिनना पुन्हा एकदा कोपऱ्यात घेतलं. म्हणाल्या, नवी मुलगी आल्या-आल्या त्या बंद पेट्यांबद्दल विचारत होती, हे तिचं स्वतःचं आहे, का वरून आलंय? वुकाशिन एरिच आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलायला सिद्ध झाले, पण तोंडातून शब्द फुटेना. म्हणून त्यांनी नुसतंच एकदा वर छताकडे पाहिलं आणि मोठा उसासा टाकला.

दुरुस्तीवाला दुपारच्या आत हजर झाला.